केमोच्या पहिल्या सायकलच्या आधी एक नळी रक्त : कॅन्सरच्या डॉक्टरांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट डॉक्टरांना,

स.न.वि.वि.

मी केमोच्या औषधांची फार्मासिस्ट आहे. तुमच्या सहीचा कागद माझ्या खिडकीत येतो. त्यावरची उंची-वजनं बघून बीएसए, म्हणजे ज्यावर डोस ठरतो ते शरीराचं क्षेत्रफळ, पुन्हा एकदा काढायचा, क्रिएटिनिन, बिलिरुबिन, प्लेटलेट नजरेखालून घालायचे, शंका आली तर तुम्हाला फोन करायचा आणि मग कॅबिनेटमध्ये हात घालून औषध भरायचं, हा माझा रोजचा उद्योग. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे कागद सतत येत असतात आणि त्यातल्या बहुतेकांवर शिरेतून द्यायचं फाइव्ह एफयू किंवा त्याचंच गोळीतलं रूप कॅपेसिटाबिन यांपैकी एक नाव असतंच. या रुग्णाचं शरीर हे औषध मोडू शकतं का, याचा मात्र त्या कागदावर रकानाच नाही. मोठ्या केंद्रांत ही तपासणी होते हे मला ठाऊक आहे. जिल्ह्याच्या गावी, डे-केअरमध्ये, जिथे आज राज्यातली पुष्कळ केमो दिली जाते, तिथे ती सवयीची झालेली नाही. ती व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र.

थोडं मागे जाते. तुम्हाला हे पाठ आहे, पण हे पत्र हातात फाईल धरून बसलेला एखादा मुलगा किंवा सूनही वाचत असेल. फाइव्ह एफयूचा जन्म १९५७चा. विस्कॉन्सिन विद्यापीठातले चार्ल्स हायडेलबर्गर आणि त्यांचे सहकारी यांनी युरॅसिलच्या, म्हणजे पेशीतल्या आरएनएच्या एका विटेच्या, रेणूवर फ्लोरिनचा एक अणू बसवला. उंदरांच्या लिव्हरमधल्या गाठी निरोगी पेशींपेक्षा जास्त युरॅसिल ओढून घेतात, हे आधीच दिसलेलं होतं. तेव्हा गाठीला तिच्याच आवडीच्या रूपात विष द्यावं, ही कल्पना. आज जवळजवळ सत्तर वर्षं झाली, तरी आतड्याच्या कॅन्सरवरच्या केमोचा कणा हेच औषध आहे. ऑक्झॅलिप्लॅटिन, इरिनोटेकॅन सगळे त्याच्या जोडीला उभे राहिले.

पण शिरेतून आपण जे सोडतो त्यातला ८० टक्क्यांहून जास्त भाग गाठीपर्यंत पोचतच नाही. डायहायड्रोपिरिमिडिन डिहायड्रोजिनेज, म्हणजे आपलं डीपीडी, हे एन्झाइम तो मुख्यतः लिव्हरमध्येच मोडून टाकतं. खरं काम करणारा भाग अगदी थोडा. तो पेशीत शिरून रूप बदलतो आणि थायमिडिलेट सिंथेज या एन्झाइमला चिकटतो. डीएनए बांधायला लागणारा माल मिळेनासा होतो आणि भराभर वाढणारी पेशी अडते. जोडीला ल्युकोव्होरिन नावाचं औषध देतो ते ही पकड घट्ट व्हावी म्हणून. म्हणजे डोसचा सगळा हिशेब डीपीडी नीट चालतंय हे गृहीत धरून केलेला आहे. ते एन्झाइम अर्ध्या ताकदीचं असेल तर मोरी तुंबलेली असताना नळ नेहमीसारखाच सोडल्यासारखं होतं. कागदावर डोस शंभर टक्के, शरीरात मात्र दुपटीकडे झुकलेला.

डीपीडी बंद पडल्यावर काय होतं, हे जपानने १९९३ मध्ये फार वाईट रीतीने पाहिलं. नागिणीवरचं सोरिव्हुडिन नावाचं नवं औषध त्या वर्षी बाजारात आलं. फाइव्ह एफयूच्या जातीची गोळी घेणाऱ्या कॅन्सरच्या काही रुग्णांनाही ते दिलं गेलं. आतड्यातले जिवाणू सोरिव्हुडिनपासून एक पदार्थ तयार करतात आणि तो डीपीडीला कायमचा निकामी करतो. काही आठवड्यांत १५ माणसं दगावली आणि औषध मागे घ्यावं लागलं. या सगळ्यांचा केमोचा डोस नेहमीचाच होता, हे लक्षात घ्यावं.

आपल्याकडे सोरिव्हुडिन नाही. पण काही माणसं जन्मतःच कमी डीपीडी घेऊन येतात, आणि ती ओळखू येत नाहीत. सीबीसी उत्तम, लिव्हर-किडनी ठीक, चालत येतात. माझ्या आठवणीतल्या एक मावशी ऊसपट्ट्यातल्या, साठीच्या. ऑपरेशन चांगलं झालेलं, काढलेल्या लिम्फ नोडपैकी दोनमध्ये आजार, म्हणून कॅपॉक्स, म्हणजे कॅपेसिटाबिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिनची जोडी, सुरू केलं. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर गोळ्या, चौदा दिवस. दुसऱ्या आठवड्यात तोंड आलं. आधी तिखट बंद, मग भाकरी बंद, मग पेजही गिळवेना. जोडीला जुलाब. गावातल्या डॉक्टरांनी ओआरएस आणि जुलाबाच्या गोळ्या दिल्या, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. चूक वाटते ती दुसरीच. घरच्यांनी कॅपेसिटाबिन चालूच ठेवलं होतं, कारण ‘कोर्स अर्धवट सोडायचा नाही’ हे त्यांना कुणीतरी बजावून सांगितलं होतं. मुलगा स्ट्रिप घेऊन माझ्या खिडकीत आला तेव्हा त्या दिवशीच्या सकाळच्या गोळ्यांचेही कप्पे फोडलेले होते. पांढऱ्या पेशी काही शेकड्यांवर. मावशी आयसीयूतून वाचल्या. नंतर रक्त पाठवलं तेव्हा डीपीडी बनवणाऱ्या डीपीवायडी जनुकाची एक प्रत सदोष निघाली. पुढच्या सायकली निम्म्या डोसने, जपून वाढवत, पार पडल्या. हीच माहिती पहिल्या गोळीच्या आधी मिळण्यासारखी होती, त्याच रक्तातून.

अशा वेळी उतारा म्हणून युरिडिन ट्रायअॅसिटेट आहे, अमेरिकेत २०१५ पासून. पण ते शेवटच्या डोसनंतर ९६ तासांच्या आत सुरू करायचं असतं. दोन दिवस गावात, एक दिवस तालुक्याला, मग जिल्हा, असा आपला प्रवास धरला तर हे ९६ तास एसटी स्टँडवरच संपतात. म्हणून आपल्यासारख्या ठिकाणी तपासणी आधी करण्याला युरोपपेक्षाही जास्त अर्थ आहे.

युरोपने काय केलं ते सांगते. नेदरलँड्समध्ये २०१६ साली आलेल्या अभ्यासात डीपीवायडीच्या ‘स्टार टू ए’ या दोषाच्या रुग्णांना सुमारे निम्मा डोस देऊन सुरुवात केली. पूर्वी पूर्ण डोस मिळालेल्या अशाच रुग्णांत तीव्र त्रास ७३ टक्क्यांना झालेला होता. कमी डोसवर तो २८ टक्क्यांवर आला, आणि औषधाने होणारे मृत्यू १० टक्क्यांवरून शून्यावर. मग २०१८ मध्ये त्याच देशात १,१०३ रुग्णांची चार प्रकारच्या दोषांसाठी आधीच तपासणी झाली. ८५ जणांत, म्हणजे ८ टक्क्यांत, एखादा दोष सापडला. फ्रान्समध्ये २०१८च्या अखेरीस उपचाराआधी रक्तातलं युरॅसिल मोजण्याची शिफारस झाली आणि पुढे ते सक्तीचं झालं; डीपीडी युरॅसिलही मोडतं, ते कमी पडलं की युरॅसिल रक्तात साचतं. २०२०च्या एप्रिलमध्ये युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने सगळ्यांसाठी शिफारस केली. अमेरिकेत यावर वर्षानुवर्षं वाद चालला, आणि मला वाटतं आपल्याकडचा संकोच बराचसा तिकडूनच आला.

तुमच्यातले काही जण म्हणतात, आणि माझ्या तोंडावर म्हणालेले आहेत, की डोस अर्धा केला तर गाठीवर परिणाम अर्धा होईल, मग काय उपयोग? प्रश्न रास्त आहे. पण ज्याचं एन्झाइम अर्धं आहे त्याच्या रक्तात निम्म्या डोसनेही औषध इतरांएवढंच पोचतं. तिथे थांबायचंही नसतं. पहिली सायकल सोसली तर वर चढायचं, हे सीपीआयसीच्या, म्हणजे जनुकं बघून डोस सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या, मार्गदर्शिकेतच आहे. नुसत्या भीतीने डोस कापून तसाच ठेवणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि तोही मी खिडकीतून पाहते.

खरं तर या गोष्टीची दुसरी बाजू मला जास्त बोचते. फ्रान्समध्ये गॅमेलिन यांच्या गटाने २००८ साली एक तुलना प्रसिद्ध केली. आजार पसरलेल्या २०८ रुग्णांपैकी काहींना बीएसएप्रमाणे फाइव्ह एफयू दिलं आणि काहींना रक्तातलं प्रमाण मोजून डोस खालीवर केला. गाठ आकसण्याचं प्रमाण पहिल्या गटात १८.३ टक्के, दुसऱ्यात ३३.७. आणि मोजलेल्यांपैकी पुष्कळांचा डोस वाढवावा लागला होता! म्हणजे बीएसएच्या सूत्राने काही माणसांना आपण भाजून काढतो आणि बऱ्याच जणांना उपाशी ठेवतो. ज्याला केमोचा काहीच त्रास झाला नाही त्याचे नातेवाईक खुश असतात. मला तिथेच शंका येते. अशी पातळी मोजणं आपल्याकडे लगेच शक्य नाही, ते मान्य. पण ‘सोसतंय म्हणजे लागू पडतंय’ ही समजूत आपल्या बोलण्यातून तरी जावी.

इथवर लिव्हरची गोष्ट झाली. आता गाठीची, कारण हल्ली माझ्या खिडकीत रंगीत, जाड कागदाचे रिपोर्ट येतात. ‘तुमच्या ट्यूमरला कोणती केमो चालेल’ असं वर लिहिलेलं, खाली एन्झाइमांच्या नावांपुढे हिरवे-लाल गोळे. नातेवाईकांनी त्यासाठी मोजलेली रक्कम ऐकली की मी गप्प बसते.

गाठ औषधाचं काय करते, हा विषय खोटा नाही. मोठा गमतीदार आहे. कॅपेसिटाबिनच बघा. ही गोळी म्हणजे तीन पायऱ्यांनी फाइव्ह एफयू होणारा मुखवटा. पहिली पायरी लिव्हरमध्ये, दुसरी लिव्हर आणि गाठ दोन्हींत, आणि शेवटची थायमिडिन फॉस्फोरिलेज या एन्झाइमच्या हातून, जे गाठीत निरोगी पेशींपेक्षा जास्त असतं. ऑपरेशनआधी गोळ्या देऊन काढलेल्या आतड्याच्या तुकड्यांत मोजलं, तेव्हा गाठीतलं फाइव्ह एफयू शेजारच्या निरोगी भागाच्या सरासरी तिप्पट निघालं. म्हणजे गाठ स्वतःसाठी स्वतःच विष शिजवते. पण तीच गाठ आपल्या पोटात डीपीडीही बाळगू शकते, आणि मग शिजवलेलं तिथल्या तिथे सांडते. थायमिडिलेट सिंथेज भरमसाट असलं तर औषध कमी पडतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ही तिन्ही एन्झाइमं कमी असलेल्या गाठीच फाइव्ह एफयूला दाद देताना दिसल्या. त्यातही एक पेच : थायमिडिन फॉस्फोरिलेज तर औषध बनवतं, मग ते कमी असलेलं बरं कसं? तेच एन्झाइम गाठीत नव्या रक्तवाहिन्या फुटायलाही मदत करतं, त्यामुळे ते जास्त म्हणजे गाठ जास्त खोडसाळ, असा एक अर्थ लावला जातो. एका एन्झाइमच्या दोन बाजू असतील तर हिरवा गोळा काढायचा की लाल?

पुढे हे निकाल सगळीकडे सारखे आले नाहीत. बायोप्सीचा तुकडा कुठून घेतला, मूळ गाठीतून की लिव्हरमधल्या डागातून, जनुकाचं प्रमाण मोजलं की प्रथिनाचं, यावर उत्तर बदलतं. शिवाय केमो सुरू झाल्यावर गाठ गप्प बसत नाही, थायमिडिलेट सिंथेज वाढवून घेते. आधीचा रिपोर्ट तोवर जुना झालेला असतो.

आणि तर्क कितीही चोख असला तरी रुग्ण तर्काने बरा होत नाही, याचं उदाहरण म्हणून एनिल्युरॅसिल आठवावं. गाठीतलं आणि लिव्हरमधलं डीपीडी पूर्ण बंद करायचं, मग फाइव्ह एफयू अगदी थोडं, तोंडाने दिलं तरी भागेल आणि गाठीचा एक बचाव मोडेल. कागदावर यात खोट काढता येत नव्हती. आतड्याच्या कॅन्सरच्या मोठ्या चाचण्यांत मात्र ते नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरलं नाही. त्यात भर म्हणून जिवाणू. ई. कोलायसारख्या जिवाणूंकडे डीपीडीचंच काम करणारी स्वतःची एन्झाइमं आहेत आणि ते फाइव्ह एफयू निष्प्रभ करू शकतात, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून पुढे आलं. आतड्याची गाठ जिवाणूंच्या वस्तीतच वाढते. ते संशोधन मी उत्सुकतेने वाचते, पण त्यावर आज कुणाची केमो ठरवू नये.

अमेरिकेच्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आस्कोने, प्रयोगशाळेत गाठीच्या पेशींवर औषधं टाकून केमो निवडण्याच्या चाचण्या संशोधनाबाहेर वापरू नयेत असं २००४ मध्ये सांगितलं आणि २०११ मध्ये पुन्हा सांगितलं. रंगीत एन्झाइम-रिपोर्टला मी त्याच मापाने मोजते. इथे एक गल्लत मात्र होऊ देऊ नका. गाठीच्या सगळ्याच तपासण्या फुकट, असं मी म्हणत नाही. रास आणि बीराफ या जनुकांतले बदल, आणि एमएसआय ही गाठीतली डीएनए-दुरुस्ती बिघडल्याची खूण, यांवर उपचार खरोखर बदलतो. एमएसआय-हाय गाठ दुसऱ्या स्टेजला असेल तर नुसत्या फाइव्ह एफयूचा फायदा दिसत नाही, हे २००३ पासून समोर आहे, आणि पसरलेल्या आजारात अशा गाठींना पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध केमोपेक्षा सरस ठरलं. रुग्णाकडे पैसे मोजकेच असतील तर आधी हे, आणि डीपीवायडी. रंगीत कागद नंतर, किंवा नकोच.

इरिनोटेकॅनबद्दल दोनच वाक्यं. बिलिरुबिन दीड-पावणेदोन आणि बाकी लिव्हर ठणठणीत असा कागद दिसला की मी फोन करते, कारण तो गिल्बर्ट हा जन्मजात निरुपद्रवी दोष असू शकतो, आणि त्यात कमी पडणारं यूजीटी१ए१ हे एन्झाइमच इरिनोटेकॅनही निकामी करत असल्याने अशा माणसाला पूर्ण डोस म्हणजे पांढऱ्या पेशींची वाट. अमेरिकेतल्या लेबलवर ही सूचना २००५ पासून आहे, तेव्हा माझ्या फोनचा राग मानू नका.

आता अडचणी. ते चार दोष युरोपीय रुग्णांत सापडलेले आहेत, आपल्याकडे त्यांचं प्रमाण वेगळं असणार, हा आक्षेप खरा आहे. आफ्रिकी वंशाच्या लोकांत वेगळाच प्रकार जास्त दिसतो आणि चारांच्या यादीत तो बसत नाही. पण यातून ‘तपासणीच नको’ हे उत्तर निघत नाही. लॅबकडून शक्य तिथे संपूर्ण डीपीवायडी वाचून घ्या, हे निघतं. आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे रुग्णाला काही होणारच नाही, असंही घरच्यांना सांगू नका. फ्रान्सची युरॅसिलची तपासणी वंशावर अवलंबून नाही, पण तिचा नमुना नाजूक. रक्त काढल्यावर प्लाझ्मा लवकर वेगळा करून थंड ठेवला नाही तर नळीतच युरॅसिल वाढत जातं. मे महिन्यात परभणीहून कुरिअरने मुंबईला गेलेल्या नळीवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. जनुकाच्या तपासणीला तो त्रास नाही, डीएनए उन्हाला बराच पुरून उरतो. म्हणून आपल्या जिल्ह्यांसाठी तीच सोयीची.

रिपोर्टला लागणाऱ्या दिवसांचं म्हणाल, तर ऑपरेशननंतर केमो सुरू होईपर्यंत काही आठवडे जातातच. डिस्चार्जच्या दिवशी रक्त पाठवा, टाके काढायला येईल तेव्हा रिपोर्ट हातात. सर्जनकडून हे करून घेणं तुमच्या एका फोनचं काम आहे. आतडं बंद पडायला आलंय, थांबणं शक्य नाही, अशा रुग्णाची गोष्ट वेगळी. त्याला कमी डोसने सुरू करून रिपोर्ट आल्यावर वाढवता येतं.

आणि खर्च. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर केंद्रांचं जाळं, उभी राहिली. तिने २३ केंद्रांसाठी ४० औषधांची एकत्र खरेदी केली आणि सुमारे १,३२० कोटी रुपये वाचवले. जी ग्रिड औषधाचा भाव पाडू शकते ती एका जनुक-तपासणीचाही पाडू शकेल. तुमच्यातले कित्येक जण तिच्या बैठकांना जाता, मार्गदर्शिका लिहिता. तिथे हा विषय लावून धरा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या केमो-पॅकेजमध्येही या तपासणीला स्वतःची ओळ मिळावी, म्हणजे पिवळ्या रेशनकार्डाच्या रुग्णाला ती खिशातून करावी लागणार नाही. आरोग्य खात्याला हे फार्मासिस्टने सांगून चालत नाही, तुम्ही सांगितलं तर ऐकतील.

तोवर बिनपैशाच्या काही गोष्टी लगेच होऊ शकतात. कॅपेसिटाबिनच्या पाकिटावर मराठीत, ठसठशीत अक्षरात चिकटवा : तोंड आलं, किंवा दिवसात चारापेक्षा जास्त वेळा जुलाब झाले, तर गोळ्या लगेच थांबवा आणि या नंबरवर फोन करा. ‘थांबवा’ हा शब्द आपल्या माणसांना औषधाबाबत कुणी सांगतच नाही. पहिल्या सायकलच्या सहाव्या-सातव्या दिवशी सिस्टरने एक फोन करावा. अशक्तपणासाठी फॅमिली डॉक्टरांनी दिलेल्या टॉनिकमध्ये फोलिक अॅसिड आहे का, ते विचारावं. ते या औषधाचा त्रास वाढवतं. फिटसाठी फेनिटोइन किंवा रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन चालू असेल तर त्यांची पातळी कॅपेसिटाबिनमुळे चढते, हेही पहिल्याच भेटीत निघालं पाहिजे.

शेवटची मागणी तुमच्या संघटनेकडे आहे. मराठवाड्यात, कोकणात, विदर्भात कोणते दोष किती सापडतात, हे आपले रिपोर्ट एकत्र आले तरच कळेल. नावं वगळून अशी एक नोंदवही सुरू करा : रिपोर्ट काय, पहिला डोस किती, पंधरा दिवसांत काय झालं. त्यातला मधला रकाना आम्हा फार्मासिस्टांकडे आधीपासून भरलेला असतो. मागा, आम्ही देऊ.

आपली नम्र,
केमो-कक्षातली एक फार्मासिस्ट